यंदा माती खणली नाही

२९ सप्टेंबर १९६८, रविवार

ही वही माझ्या बायकोला, हिल्डाला, माहीत नाही. बागेतल्या खोपटात, बियांच्या डब्यामागे ठेवणार आहे. लिहायचं कारण एवढंच की लोक बोललेलं नाकारतात आणि मी एकटाच खोटा पडतो. गेल्या महिन्यात भाजीच्या प्रदर्शनात शेजारच्या गॅड्सबीला कांद्यासाठी पहिलं बक्षीस मिळालं. जुलैत माझा खताचा ढीग त्याच्या कुंपणाच्या बाजूनं कसा खचला होता हे मला चांगलं ठाऊक आहे, पण तारीख लिहिलेली नव्हती. आता तारखेसकट लिहीत जाईन.

उद्या पहिली कुदळ. हॉर्नवेलच्या वीटकारखान्यात मला बेचाळीस वर्षं झाली, त्यातली एकवीस मातीचा मुकादम म्हणून. उद्यापासून महिनाभर खाणीतून माती काढायची आणि उघड्यावर तिचा लांबच लांब ढीग घालायचा. हिवाळाभर पाऊस, दव, बर्फ, सगळं तिला खाऊ द्यायचं. थंडीनं ती आतून फुटते, मऊ पडते, आणि वसंतात विटेजोगी होते. ताजी माती घातली तर भट्टीत वीट तडकते. म्हणून या वर्षीची माती पुढच्या वर्षासाठी. पहिली कुदळ मालकानं मारायची आणि मग बिअरचं पिंप उघडायचं, ही आमच्याकडची रीत आहे.

३० सप्टेंबर, सोमवार

पिंप आलं. चीज आलं, लोणच्यातले कांदे आले, मालक लायनलसाहेबही आले. कुदळ मात्र पडली नाही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मिस्टर टॅप्ली, यंदा खणायचं नाही. जर्मनीहून नवं यंत्र मागवलंय. ते ताजीच माती दळतं. ढीग घालायची, थंडीची वाट बघायची गरजच संपली. हे अजून कुणाला बोलू नका, पण तुम्हाला सगळ्यांआधी सांगावंसं वाटलं."

आजवर मी त्यांना नुसता 'टॅप्ली' होतो. आज पहिल्यांदा 'मिस्टर टॅप्ली'. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

माणसांनी बिअर प्यायली, पण कुदळी भिंतीला टेकवलेल्या बघून त्यांचे विनोद सुरू झाले. विल्फ स्कॅरट म्हणाला, "लग्नाचं जेवण झालं, नवरी कुठाय?" सगळे खिदळले. विल्फ आमचा मुख्य भट्टीवाला, आणि हिल्डाचा सख्खा भाऊ. तीस वर्षं आगीपुढे उभं राहून त्याच्या भुवया कायमच्या गेल्यात, त्यामुळे तो कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. मला विचारतो, "एनॉक, माती का नाही खणायची?"

मी म्हणालो, "साहेबांना विचार."

"मी तुला विचारतोय. मातीचा माणूस तू."

त्याला इतकी चौकशी कशाला हवी? लिहून ठेवतो.

९ ऑक्टोबर, बुधवार

विल्फ आज कामावर नव्हता. सकाळपाळी बदलून घेऊन बसनं शहरात गेला. हिल्डाला म्हणाला, दात दाखवायचाय. त्याला खालचे दात नाहीतच, आणि वरचे लष्करानं बसवून दिलेले आहेत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

परत शहरात. पुन्हा दात.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आता सगळं उलगडतंय. सकाळच्या वर्तमानपत्रात छापून आलं: लंडनची ऑल्डरमूर कंपनी थ्रॉसेल अँड सन्स विकत घ्यायला निघाली आहे. आम्हाला! कॅन्टीनमध्ये सगळ्यांचा चहा थंड झाला.

एकोणीसशे सेहेचाळीसमध्ये लायनलसाहेब लष्करातून परत आले तेव्हा इथे एक भट्टी होती आणि तीही युद्धात विझवलेली. विल्फनं पहिली काडी लावली, पहिला गाडा मी ओढला, आणि साहेब स्वतः बाह्या सरसावून विटा रचत होते. तेव्हा देशभर घरं हवी होती, बॉम्बनं निम्मी शहरं पाडलेली. पाच वर्षांत दुसरा कारखाना, मग कौलांचा, मग ड्रेनेजच्या पाइपांचा, मग वाळूच्या खाणी. आज नऊ कारखाने आहेत आणि पिवळ्या 'टी'चे हिरवे ट्रक स्कॉटलंडपर्यंत जातात. भट्टीतली आग मात्र तीच. ती गोल फिरते, या खणातून त्या खणात, पण बावीस वर्षांत एकदाही विझलेली नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. थोरले साहेब, म्हणजे लायनलसाहेबांचे वडील, गेले तेव्हा शंभरातले बारा शेअर कामगारांच्या ट्रस्टला ठेवून गेले. तीन ट्रस्टी: मी, विल्फ, आणि पगार कचेरीतल्या मिस पेल. कोणत्याही कागदावर तिघांतल्या दोघांची सही लागते. घराण्यात म्हणे दोन तट आहेत, अर्धे विकायच्या बाजूचे आणि अर्धे विरुद्ध. म्हणजे आमचे बारा जिकडे पडतील तिकडे कारखाना.

मिस पेलनी बेरीज दोनदा चुकवली. त्या चॅपलमध्ये हार्मोनियम वाजवतात, तिथे त्यांचा एक सूर कधी चुकत नाही.

विल्फ शांत होता. एवढी मोठी बातमी, आणि हा शांत. म्हणजे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

लायनलसाहेबांनी सगळ्यांना आवारात बोलावून, विटांच्या चळतीवर चढून भाषण केलं. "मी लढणार आहे. माझ्या वडिलांची आग मी लंडनवाल्यांच्या हातात देणार नाही." टोप्या उडाल्या. मला गहिवरून आलं. विल्फनं टोपी काढली आणि आत बघून पुन्हा घातली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज डोळ्यांनी पाहिलं. खाणीच्या कडेला दोन परके होते, रबरी बूट, तीन पायांवरची दुर्बीण, आणि एकाच्या हातात फीत. खाण मोजत होते. आणि त्यांच्याशी बोलत कोण उभं होतं? विल्फ. त्यानं त्यांना सिगरेटही दिली. मला तो सिगरेट देत नाही.

मी विचारलं, "कोण होते रे ते?"

"तेच तर त्यांना विचारत होतो."

"काय म्हणाले?"

"खोली विचारत होते. किती गाडे मावतील ते. एनॉक, माती काढायला आलेला माणूस खाणीत किती मावेल हे विचारतो का?"

कोड्यात बोलायची त्याची जुनी खोड. मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, ते माझेच लोक आहेत, नव्या यंत्रासाठी खोल खणायचंय म्हणून मोजताहेत. झालं. साधी गोष्ट. मग त्यांनी सहज विचारलं, "स्कॅरट तिथे काय करत होता?"

मी बुधवारच्या बसचं सांगितलं. तारखा वाचून दाखवल्या. साहेबांनी त्या उतरवून घेतल्या. म्हणाले, "मिस्टर टॅप्ली, तुमची नजर मोठी बारीक आहे." हिल्डाला हे सांगायला हवं. ती म्हणते, मला नजरच नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

हिमानं खाण पांढरी झालीय. दरवर्षी या दिवसांत मी सकाळी उठून ढिगावरून चालत जातो. बुटाखाली माती कुरकुरते, मग एक ढेकूळ फोडून दाताखाली घ्यायचं. खडा असेल तर तिथेच कळतो. यंदा ढीग नाही. मी उगाच तिथपर्यंत जाऊन परत आलो. जर्मन यंत्राचा पाया अजून खणलेला नाही. जानेवारीत खणतील.

२६ डिसेंबर, गुरुवार

काल नाताळ नासला. विल्फ जेवायला होता, बायको गेल्यापासून तो दर नाताळला असतोच. डुकराचं मांस भरलेली पाई कापेपर्यंत सगळं ठीक होतं. मग साहेबांच्या पत्राचा विषय निघाला. साहेबांनी तिघा ट्रस्टींना लिहिलंय की फेब्रुवारीच्या सभेसाठी तुमच्या मतांचं मुखत्यारपत्र माझ्या नावे करून द्या, म्हणजे मला एका मुठीनं लढता येईल.

विल्फ म्हणाला, "सही करायची नाही. आपण तिघं सभेला जाऊ. आपलं मत आपल्या हातानं देऊ."

"साहेबांवर विश्वास नाही?"

"माझा मातीवर विश्वास आहे. ती खणलेली नाही."

"जर्मन यंत्र येतंय."

"कुठाय? पाया कुठाय? एनॉक, जुना ढीग मार्चात संपेल. मग मी भट्टीत काय घालू, नाताळचे कागद?"

मी म्हणालो, "तुझं खरं सांग. बुधवारी कुठे जातोस?"

त्यानं हिल्डाकडे बघितलं. मग म्हणाला, "आत्ता सांगता येत नाही. एका माणसाची नोकरी जाईल. नवं वर्ष लागलं की कागद उघड होईल, तेव्हा सगळ्यात आधी तुला."

आता कुणीही शहाणा माणूस यातून काय समजेल? मी समजलो तेच. त्याला सरळ विचारलं, "लंडनवाल्यांनी तुला काय देऊ केलंय? समुद्राकाठी बंगला?"

विल्फनं बशी खाली ठेवली. त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत तो टेबलाला धरून होता. म्हणाला, "तुझा संशय भट्टीत घातला असता तर कोळसा वाचला असता." आणि कोट घेऊन गेला. पाई अर्धी राहिली.

हिल्डा भांडी घासताना म्हणाली, "तुझं बरं आहे. खडा मातीत सापडला नाही की माणसात शोधतोस." ती भावाची बाजू घेणारच.

९ जानेवारी १९६९, गुरुवार

साहेबांना नाताळचं सगळं सांगितलं. चहा त्यांनी स्वतः ओतून दिला. कप इतका पातळ होता की धरायला भीती वाटली.

१३ जानेवारी, सोमवार

विल्फला यॉर्कशरच्या कारखान्यात पाठवलं. तिथली भट्टी म्हणे बिघडलीय, आठ-नऊ आठवडे लागतील. भट्टीवाल्याला आग सोडून रविवारीही येता येत नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. सभा होईपर्यंत तो दूर राहील हे चांगलंच आहे.

जाताना तो दारात आला नाही. हिल्डा बसथांब्यापर्यंत गेली, त्याला दोन लोकरी मोजे देऊन आली.

२० जानेवारी, सोमवार

मिस पेलनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठलं. हातात जाड पाकीट, वर विल्फच्या वेड्यावाकड्या अक्षरात माझं नाव. म्हणाल्या, "जाण्याआधी विल्फनी दिलं. म्हणाले, आज वीस तारखेला कागद उघड होतोय, आजच द्या, आधी नाही. मी दिलं तर एनॉक फाडेल, तुमच्या हातून घेईल. आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका, असं आपल्या दोघांना सांगितलंय."

मी पाकीट घेऊन खोपटात बसलो. जाड होतं. एकदा डिंकाखाली नखही घातलं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हा सापळा आहे. आत पैसे असणार. मी पाकीट फोडलं की मी ते स्वीकारलं, आणि मग मीही त्यांच्यातला! लंडनवाल्यांना वाटतं मातीचा मुकादम बावळट असतो.

२१ जानेवारी, मंगळवार

पाकीट न फोडता साहेबांच्या टेबलावर ठेवलं. म्हणालो, "जसं आलं तसं देतोय."

साहेबांनी ते हातात तोललं, खिडकीशी गेले. मग पाकीट खणात टाकून किल्ली फिरवली. म्हणाले, "मिस्टर टॅप्ली, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ही कंपनी उभी राहिली." माझ्याकडे मात्र बघितलं नाही. त्यांनाही भरून आलं असावं.

२४ जानेवारी, शुक्रवार

मुखत्यारपत्रावर सही केली. मिस पेल पेन हातात घेऊन थांबल्या. "त्या पाकिटात काय होतं, मिस्टर टॅप्ली? तुम्ही वाचलंत ना?"

मी म्हणालो, "वाचलं. काही विशेष नव्हतं."

हे एवढं एक खोटं बोललो. नाहीतर अर्धा दिवस समजावत बसावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचलंत तर मग झालं," आणि सही केली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लंडनला सभा. जिंकल्यावर प्यायला म्हणून मी शेरी वाइनची छोटी बाटली आणून ठेवली आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वर्तमानपत्रात होतं. आमची बारा मतं विकण्याच्या बाजूनं पडली. पाडली साहेबांनी. लायनलसाहेब आता ऑल्डरमूरच्या संचालक मंडळावर आहेत. फोटोत त्यांनी लंडनच्या माणसाचा हात धरलाय.

मी बातमी हिल्डाला वाचायला दिली. मला वाटलं मी चुकीचं वाचतोय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांच्या कचेरीत गेलो, ते नाहीत. खण उघडा होता. रिकामा.

१० मार्च, सोमवार

जुना ढीग संपला. शेवटचे चार गाडे मीच भरले. जर्मन यंत्र कुठेच नाही. ते कधी मागवलंच नव्हतं.

आज नोटीस लागली आणि सगळ्यांना कळलं. ऑल्डरमूरला विटा नकोतच. त्यांना खाण हवी होती. शहराचा कचरा टाकायला एवढा मोठा, कोरडा, चिकणमातीच्या बुडाचा खड्डा पन्नास मैलांत दुसरा नाही. पुढच्या वर्षी विटाच पाडायच्या नव्हत्या, म्हणून माती खणायची नव्हती. बस्स, एवढंच. सप्टेंबरात कुदळी भिंतीला टेकून होत्या तेव्हाच हे समोर होतं. मी एकवीस वर्षांचा मातीचा मुकादम, आणि ते विल्फला दिसलं, भट्टीवाल्याला.

हॉर्नवेल बंद. एकशे चौदा माणसं.

मला वेगळं पत्र आलं. इतक्या वर्षांच्या निष्ठेबद्दल मला खाणीच्या फाटकावर नोकरी देताहेत, कचऱ्याचे ट्रक आत सोडायला.

१९ मार्च, बुधवार

विल्फ परत आला. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. तो सरळ स्वयंपाकघरात आला, माझ्यासमोर बसला. हिल्डानं दोघांपुढे चहा ठेवला.

म्हणाला, "सही केलीस त्याचं काही नाही. त्या माणसाबरोबर तू बावीस वर्षं काढलीस. मी बुधवारी शहरात कौन्सिलच्या कचेरीत जाऊन खाणीत कचरा टाकायच्या परवानगीचा अर्ज डोळ्यांनी बघितला नसता तर मीही केली असती. तिथल्या क्लार्कनं चोरून दाखवला होता, म्हणून तोंड बंद ठेवावं लागलं. पण मी त्याची सगळी नक्कल हातानं उतरवली होती, नकाशासकट. खाली लायनलची सही होती, ऑगस्टमधली. ती तुला पाठवली होती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पेलबाईनं तुला पाकीट दिलं का?"

मी म्हणालो, "नाही."

तोंडातून गेलं. एक शब्द. विल्फनं टेबलावर मूठ आपटली. "मला वाटलंच. दिलं असतं तर तू वाचलं असतंस, आणि वाचून तू मेलास तरी सही करणार नव्हतास. ते तिनंच लायनलच्या हातात दिलं. आयुष्यभर त्याच्या कचेरीत बसली, दुसरं काय करणार."

हिल्डा माझ्याकडे बघत होती. मी चहात साखर घातली. मी साखर घेत नाही.

२३ मार्च, रविवार

पाकिटाबद्दल विल्फ जे म्हणाला ते गावभर झालंय. चॅपलमध्ये मिस पेलनी हार्मोनियम वाजवायला घेतलं आणि कुणी गायलं नाही. पाद्रीसाहेब एकटेच गात होते. त्या एक कडवं वाजवून थांबल्या, झाकण लावलं, बाजूच्या दारानं निघून गेल्या.

७ एप्रिल, सोमवार

मिस पेल बागेच्या फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "मिस्टर टॅप्ली, मी विल्फना सांगितलं की पाकीट मी तुमच्या हातात दिलं. ते म्हणतात, एनॉकला मिळालंच नाही, आणि एनॉक माझ्याशी खोटं बोलत नाही. आता तुम्हीच मला सांगा. मी दिलं होतं ना? आणि सहीच्या दिवशी तुम्ही 'वाचलं' म्हणालात ना? छपरीपाशी उभी होते, पाऊस भुरभुरत होता. का मीच म्हातारी होऊन काहीतरी रचतेय?"

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता. त्यांना स्वतःचा संशय आला होता.

मी म्हणालो, "बघतो."

काय बघतो? काय बघणार होतो मी?

१९ एप्रिल, शनिवार

आग विझली. विझवावी लागत नाही, पुढच्या खणात कच्ची वीट नसली की ती आपोआप जागीच बसते. सगळे जमले होते. मिस पेल सोडून सगळे. विल्फनं मला पुढे बोलावलं, आम्ही दोघांनी मिळून शेवटच्या खणाचं तोंड उघडलं. ऊब बाहेर आली, मग कमी होत गेली. विल्फ माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाला, "या सगळ्या भानगडीत एकाच माणसाचा मला कधी संशय आला नाही."

त्याचा हात खांद्यावर होता तेवढा वेळ मी उभा राहिलो. मग खाणीकडे निघून गेलो आणि सगळे पांगेपर्यंत परतलो नाही.

२६ एप्रिल, शनिवार

फाटकावरच्या नोकरीला नको म्हणून कळवलं. त्यानं काही भरून निघत नाही, हे मला कळतं.

आज ही वही पहिल्यापासून वाचली. चार महिने एका माणसावर पाळत ठेवली, तारखा, बस, दात, सिगरेट, सगळं टिपलं. वहीत चोर एकच आहे आणि तो लिहिणारा आहे. हिल्डाला वही वाचून दाखवली. तिला वाटलं होतं मी खोपटात बियांची नोंद ठेवतो. शेवटचं पान संपल्यावर तिनं वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाली, "आधी पेलबाईकडे जा. मग माझ्या भावाकडे. तोंडानं सांगायला जाऊ नकोस, तुझं तोंड ऐनवेळी काय बोलतं ते मी पाहिलंय. वही घेऊन जा."

२७ एप्रिल, रविवार

मिस पेलकडे जाऊन आलो. त्यांना वीस आणि चोवीस जानेवारीची पानं वाचायला दिली, आणि एकोणीस मार्चचं. चष्मा पुसून त्यांनी तिन्ही दोनदा वाचली. म्हणाल्या, "पाऊस होता हे तुम्ही लिहिलं नाहीत." मी म्हणालो, होता. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. मी वेडी नाही." एवढंच म्हणाल्या आणि दार लावलं. मला माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही.

आता हे तुझ्या ओसरीच्या बाकावर बसून लिहितोय, विल्फ. तू आत रेडिओ लावलायस, क्रिकेटबद्दल काहीतरी चाललंय. हे शेवटचं पान. वही दारातून आत सरकवणार आहे. पहिल्या पानापासून वाच, गॅड्सबीच्या कांद्यापासून, म्हणजे मी कसला माणूस आहे ते नीट कळेल. बुधवारच्या तारखा मी साहेबांना दिल्या, म्हणून तुला यॉर्कशरला पाठवलं. पाकीट मला मिळालं होतं. ते मी फोडलं नाही. पेलबाईंना रविवारी पुन्हा हार्मोनियमवर बसवायचं काम तुझं आहे, माझं कुणी ऐकणार नाही.

वाचून होईपर्यंत मी इथेच बाकावर आहे. दार उघडायलाच हवं असं नाही.